अक्काच्या मशीनला पाणी येईना

ताडकळस
९ जुलै १९९१

रेवण,

आशीर्वाद. तू पाठवलेलं कपडे धुण्याचं मशीन काल पोचलं. ट्रान्सपोर्टवाल्यांनी पूर्णेला उतरवलं, तिथून बैलगाडीत आलं. गाडी गल्लीत शिरली तशा बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. शेजारच्या धुरपताबाईला वाटलं, म्हातारीनं लोखंडी कपाट घेतलं. काय आहे ते सांगितल्यावर म्हणाली, "आगं बाई, मंग आता हात कशाला ठिवायचे?" बाई मनानं चांगली आहे, पण तिच्या तोंडाला कुलूप नाही.

हाताचं विचारशील तर उजवं मनगट होतं तसंच आहे. न्हाणीत घसरले, हाड जुळलं पण वाकडं जुळलं. भाकरी थापते, केर काढते, शेंगा फोडते. पिळायचं म्हटलं की कळ येते ती थेट खांद्यापर्यंत जाते. नऊवारी लुगडं पिळायचं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. अंगावरचं लुगडं दुसऱ्या बाईकडून धुऊन घ्यायचं माझ्यानं होत नाही. कधी केलं नाही, आता काय करणार!

भीमाशंकरचा सोलापूरहून एकच धोशा आहे, "आई, घराला कुलूप घाल आन् चल माझ्याकडं." पोरगा गुणाचा आहे, सूनही वाईट नाही. पण तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत मी दिवसभर काय करू? शेवटी त्यानं एवढं कबूल केलं, की दसऱ्यापर्यंत माझं धुणं माझं मला करता आलं तर तो कुलपाचं नाव काढणार नाही. नाही आलं तर दसऱ्याला टेम्पो घेऊन येणार. हे तुझ्या कानावर घातलं आणि तू लगेच मशीन पाठवलंस. देव तुझं भलं करो.

आता रडगाणं ऐक. मशीन न्हाणीत बसवलं. तोटीला पाईप लावला, वायर लावली, तू लिहिल्याप्रमाणं चक्री फिरवली. ते नुसतं गुणगुणतं आणि उभं राहतं. पाणी आत येतच नाही. बादलीनं ओतून बघितलं तर धुतं, पण खळबळायच्या वेळी पुन्हा पाणी मागत थांबतं. बादल्या उचलण्याजोगं मनगट असतं तर मशीन कशाला हवं होतं? काय करू ते लिही.

तुझी अक्का
नागुबाई

॰

पुणे
१७ जुलै १९९१

ती. अक्का,

पाया पडतो. आधी एक सांगतो, उपकार वगैरे मानू नकोस. मी नवीन मॉडेल घेतलं, हे जुनं घरात अडगळ होऊन बसलं होतं. तुझ्याकडं गेलं, बरं झालं.

मशीनबरोबरचं इंग्रजी पुस्तक काढून बसलो. पाणी येत नसेल तर काय बघायचं ते त्यात लिहिलंय, पण लिहिणाऱ्या साहेबाला जगातल्या सगळ्या बायका वेंधळ्या वाटत असाव्यात. तो विचारतो, तोटी उघडली का? पाईप कुठं दुमडला नाही ना? झाकण नीट लावलं का? मी फक्त मराठी करतोय, रागवायचं असेल तर त्याच्यावर रागव.

शेवटची गोष्ट मात्र कामाची आहे. पाईप जिथं मशीनला बसतो तिथं आत बारीक जाळी असते. तिच्यात रेती, गंज अडकला की पाणी कोंडतं. सुला ती जाळी नेहमी काढून ब्रशनं घासायची आणि निघालेली रेती मला आणून दाखवायची. जणू काही ती नवऱ्यानंच आत टाकली होती! ती देवाघरी गेल्यापासून जाळी कुणी साफ केलेली नाही. तीच तुंबली असणार.

तू लुगडं पिळायचं लिहिलंस आणि ओढ्यावरचे सोमवार आठवले. आई धुवायची आणि पिळायला आपल्या दोघांना बोलवायची. एक टोक तुझ्याकडं, एक माझ्याकडं. तू उजवीकडं पिळायचीस, मी डावीकडं, आणि मध्येच मी टोक सोडून द्यायचो. तू चिखलात बसायचीस. आई मला मारायला धावायची, तेव्हा तूच मध्ये पडायचीस. अजून कळत नाही, का पडायचीस.

जाळी बघून लिही.

तुझा
रेवण

॰

ताडकळस
२६ जुलै १९९१

रेवण,

तुझ्या साहेबाला सांग, नागुबाईनं झाकण उघडं टाकून संसार केलेला नाही. तोटी उघडी आहे, पाईप सरळ आहे, झाकण लावलेलं आहे.

जाळी काढली. सुईनं टोकरायची म्हणून चष्मा लावून बसले, तर तिच्यात टोकरायला काहीच नाही. पहिल्या दिवशी बसवताना थोडी रेती झटकली होती, त्यानंतर कणही नाही. पुण्याच्या पाण्यात रेती असेल बाबा, आमच्या पाण्यात नाही.

मग पाईप मशीनपासून सोडून बादलीत धरला. धार करंगळीएवढीसुद्धा नाही. आमच्या गाईच्या आटत आलेल्या सडालाही याहून जोर असतो. धुरपताबाई उभी होतीच. म्हणाली, "मशीनला पाणी न्हाई, नैवेद्य दाखवायलाव का तुमी?"

तू टोक का सोडायचास ते मला तेव्हाच ठाऊक होतं. मी चिखलात पडल्यावर हसायचे, आणि मी हसले की आईलाही हसू यायचं. बाबा गेल्यावर ती तेवढीच हसायची. म्हणून मध्ये पडायचे.

भीमाशंकरचं पत्र आलं. त्यानं टेम्पोवाल्याला सांगून ठेवलंय.

अक्का

॰

पुणे
३ ऑगस्ट १९९१

ती. अक्का,

धार बारीक म्हणजे दाब कमी. इथल्या एका मेकॅनिकला विचारलं. तो म्हणाला, टाकी जेवढी उंच तेवढा पाण्याला जोर. तुझी टाकी न्हाणीच्या स्लॅबवर नुसती टेकवलेली आहे. तिच्याखाली विटांचा ओटा बांधून घे, चांगला कमरेएवढा. मशीन गुणगुणतंय म्हणजे ते ठीक आहे, पाण्याची वाट बघतंय.

खर्चाची फिकीर करू नकोस आणि कंटाळूही नकोस. तुझ्यासाठीच लिहितोय असं नाही. आई तिथंच गेली. तुझ्या कपाळाला दुःख आल्यावर तू लहानग्या भीमाशंकरला घेऊन तिथंच परत आलीस. मी पुण्याला आलो तो तुझ्या जिवावर, घर उघडं ठेवायला तू होतीस म्हणून. इथं कुणी गाव विचारलं की मी अजून ऐटीत ताडकळस सांगतो. त्या दाराला कुलूप लागलं तर काय सांगू?

रेवण

॰

ताडकळस
२९ ऑगस्ट १९९१

रेवण,

उशीर झाला. श्रावणात गवंडी मिळता मिळेना. शेवटी ओटा बांधला, टाकी वर चढवली. आता गावात कुठूनही माझी टाकी दिसते. बाजारच्या दिवशी लोक विचारतात, "नागुबाई, किती उंच जाणार हाव?"

मशीन मात्र तसंच गुणगुणतं.

मोटारी दुरुस्त करणाऱ्या दत्तरावला बोलावलं. तो येणार म्हणून मी पाईप वगैरे सगळं काढून तोटी मोकळी करून ठेवली होती. त्यानं तोटी सोडली तर पाणी अंगावर आलं, बिचारा गुडघ्यापर्यंत भिजला. म्हणाला, "मावशी, धार लय जोरात हाय. तुमच्या टाकीत खोट न्हाई, पाईपात हाय." तो गेल्यावर मी सगळं पहिल्यासारखं बसवलं, आणि पुन्हा तेच, करंगळी. म्हणजे तुझा पाईपच आतून बसला असणार. नवा पाठव.

श्रावणी सोमवारी पूजेचं वस्त्र डाव्या हातानं कसंबसं पिळलं. अर्धं पाणी त्यातच राहिलं. रात्रीपर्यंत वाळलं नाही, तेव्हा डोळ्याला पाणी आलं. कुणाला सांगितलं नाही, तुला सांगते.

अक्का

॰

पुणे
६ सप्टेंबर १९९१

ती. अक्का,

नवा पाईप एसटीच्या पार्सलनं पाठवतोय. परभणी स्टँडवरून कुणाला तरी आणायला सांग. दुकानदारासमोर त्यातून पाणी सोडून बघितलंय. आता भरलंच पाहिजे.

डोळ्याला पाणी आलं ते वाचून मला जेवण गेलं नाही. धीर सोडू नकोस.

रेवण

॰

ताडकळस
२३ सप्टेंबर १९९१, सोमवार

रेवण,

नवा पाईप लावला. फरक नाही.

तुझ्या जिवाला किती घोर लावू? तू एवढा लांब बसून जाळ्या काय, पाईप काय, टाक्या काय! पुरे झालं. काल मी माळ्यावरची भांडी खाली काढली. सोलापूरला काय न्यायचं, धुरपताबाईला काय द्यायचं, बघायला हवं. ती दारात आली, भांड्यांकडं बघून काही न बोलता परत गेली. तिला न बोलता जाताना मी पहिल्यांदा बघितलं.

भीमाशंकरवर रागवू नकोस. त्याला माझी काळजी आहे. घर झाडताना आज सारखं मनात येत होतं, की दार, उंबरा, चूल यांना कुठं कळणार आहे मी गेले ते! पण मला कळेल ना.

शेवटचं म्हणून उद्या पुन्हा एकदा लावून बघते. आज जमणार नाही. सोमवार म्हणून तोटीचं फडकं धुऊन वाळत घातलंय आणि इथं पावसाची झड लागलीय. ते वाळून तोटीला बांधल्याशिवाय वरून पाईप कसा आवळणार? म्हणून आज मशीनला सुट्टी.

तब्येत सांभाळ.

अक्का

॰

पुणे
२८ सप्टेंबर १९९१

अक्का, अगं अक्का!

तोटीचं फडकं!

तुझं पत्र वाचून मी एकटाच मोठ्यानं हसलो, आणि हसता हसता रडायला लागलो. पाणी मशीनपर्यंत यायच्या आधी तुझ्या जुन्या धोतराच्या चार पदरांतून गाळून येतंय! वरून पाईप आवळलेला. मग जाळीत रेती कुठून सापडणार? तोटी मोकळी केल्यावर दत्तराव भिजला तो त्यामुळंच. मी विटा चढवायला लावल्या, नवा पाईप घेतला, साहेबाचं पुस्तक तोंडपाठ केलं. पण फडक्याचं तू लिहिलं नाहीस आणि मी विचारलं नाही. तू तरी का लिहिशील? घराला दार आहे असं कुणी लिहितं का? आपल्या घरात पाणी गाळूनच आत येतं. लिंगाच्या पूजेचं असो की भांड्यांचं.

विसरलो तो मी. त्याच घरात वाढलो. पुण्यात तोटी सोडली आणि पेला भरला, गाळणं कधी सुटलं ते आठवत नाही. याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

आधी तुला 'फडकं काढून टाक' असं लिहिलं होतं. तो कागद फाडला. तू काढणार नाहीस, आणि काढूही नयेस. मग डोळे मिटून पडलो आणि आई आठवली. आपल्या लहानपणी घरात तोटी कुठं होती? आई विहिरीवरून घागर आणायची आणि फडकं रांजणाच्या तोंडावर धरायची. एक कोपरा तुझ्या हातात, एक माझ्या, आणि ती वरून ओतायची. पाणी एकदा रांजणात गेलं की ते गाळलेलंच. मग तांब्याला, वाटीला पुन्हा फडकं बांधलेलं तू कधी बघितलंस का?

आता तुझा रांजण म्हणजे ती उंचावरची टाकी. पंचायतीच्या नळाचं पाणी जिथं टाकीत पडतं, त्या तोंडावर फडकं बांध. टाकी सावकाश भरली तरी कुणाची गाडी चुकत नाही. खालची तोटी मोकळी ठेव आणि पाईप लाव.

भांडी माळ्यावर परत ठेव.

रेवण

॰

ताडकळस
५ ऑक्टोबर १९९१

रेवण,

भरलं!

तुझं पत्र दुपारी आलं. दत्तरावला वर चढवून टाकीच्या तोंडावर दुपदरी फडकं बांधून घेतलं. जुनं पाणी सोडून दिलं. संध्याकाळी नळ आला, टाकी भरली. सकाळी पूजा आटोपून चक्री फिरवली. गुणगुण झाली आणि आत पाणी असं धो धो पडलं की मी दचकून मागं सरले. धुरपताबाई झाकणावर वाकून ओरडली, "आगं नागुबाई, भरायलंय की गं! भरायलंय!" तिच्या आवाजानं अर्धी गल्ली आत आली. मशीन फिरलं, थांबलं, पुन्हा भरलं, आणि शेवटी स्वतःच पिळायला लागलं तेव्हा सगळ्या बाया आणखी पुढं सरकल्या.

लुगडं बाहेर काढलं तर ओल नावापुरती. इतक्या महिन्यांनी माझं लुगडं पाणी न ठिबकता वाळत घातलं. त्याच्याखाली जरा वेळ उभी राहिले. आई असती तर तिला हात धरून आणलं असतं आणि दाखवलं असतं.

रांजणाचं तुला आठवलं, मला नाही. मी रोज त्याच घरात राहते, तरी. विसरलो म्हणून स्वतःला बोल लावू नकोस.

भांडी परत चढवलीत. आता येऊ दे टेम्पो.

अक्का

॰

ताडकळस
२१ ऑक्टोबर १९९१

रेवण,

भीमाशंकर आला आणि गेला. टेम्पो आणला नव्हता.

मी आपली त्याला दाखवायला सगळी तयारी करून बसले होते. तो आला, न्हाणीत गेला आणि मशीनसमोर नुसता उभा राहिला. म्हटलं, "आरं, चालू करून दाखवते, थांब." तर म्हणाला, "नगं आई. कळलं मला."

मग जेवताना बोलला. दसऱ्याआधी बँकेच्या कामानं तो पुण्याला आला होता, तुझ्याकडं एक रात्र राहिला. तो सांगतो, "मामाकडं दुसरं मशीन न्हाई. न्हाणीत जिथं मशीन व्हतं तिथली फरशी उजळ राहिलीय, बाकीची काळी. मामा बादलीत कपडे भिजवून, स्टुलावर बसून धुवायलाय. मी इचारलं तर म्हणाला, व्यायाम होतो."

रेवण, तू मला नवीन मॉडेल लिहिलंस. अडगळ लिहिलंस. मोठ्या बहिणीला खोटं लिहिलंस.

भीमाशंकर म्हणाला, "तिकडं त्यो एकटा बादलीत हात घालून बसलाय, तू हितं राहावं म्हणून. मी तुला कोणत्या तोंडानं नेऊ? ऱ्हा तू." माझ्या पाया पडला आणि आज सकाळच्या गाडीनं गेला.

घर राहिलं. आनंद व्हायला हवा, आणि झालाही. पण ती बादली डोळ्यासमोरून हलत नाही. का केलंस असं, ते खरं लिही.

अक्का

॰

पुणे
२६ ऑक्टोबर १९९१

ती. अक्का,

खरं लिहितो.

मशीन सुलाचं होतं. माझ्या निवृत्तीच्या वेळी हौसेनं घेतलं. ते लावून ती स्वयंपाकघरात जायची आणि मशीनचा आवाज थांबला की मला हाक मारायची, "अहो, वाळत घाला!" ती गेल्यावर मी लावत राहिलो. आवाज थांबला की मी हाकेची वाट बघायचो. रोज. मग लावणं बंद केलं. मशीनवर चादर टाकली, तरी ते दिसायचंच.

विकायला मन होईना. परक्याच्या घरी त्यात कुणाचे कपडे फिरणार, असं वाटायचं. तुझ्या हाताचं कळलं तेव्हा वाटलं, आपल्या घरात जाईल. आईच्या घरात. खरं लिहिलं असतं तर तू घेतलं नसतंस. बादलीचं मनावर घेऊ नकोस, माझे कपडे असतात तरी किती!

ते भरलं हे तुझं पत्र मी सुलाच्या फोटोसमोर मोठ्यानं वाचलं. बरं वाटलं, अक्का. पुष्कळ दिवसांनी बरं वाटलं.

मशीन तिथंच राहू दे. त्याची जागा तीच.

रेवण

॰

ताडकळस
३१ ऑक्टोबर १९९१

रेवण,

तुझं पत्र वाचलं आणि मशीन लावलं. धुवायला काही नव्हतं, धुतलेलीच चादर टाकली. संपेपर्यंत शेजारी बसून राहिले. आवाज थांबल्यावर मी हाक मारली, "सुला, वाळत घालते गं!" कुणी ऐकलं असेल तर म्हणेल म्हातारीला लागलं वेड. म्हणू दे.

घर उघडं राहावं म्हणून तू एवढी धडपड केलीस. आता ते उघडं आहे, आणि तू तिथं स्टुलावर बसणार, हे मला चालणार नाही. तुझी खोली झाडून ठेवलीय. भाऊबीजेला ये आणि चार दिवसांत परत जायची भाषा काढू नकोस. पुण्याच्या घराला कुलूप घालायला माझी हरकत नाही.

ओवाळणीला साडी आणू नकोस. मळके कपडे आण, सगळे.

अक्का